दूरस्थ ते संमिश्र शिक्षण : धाराशिव जिल्ह्यातील विद्यार्थ्यांच्या पूर्वतयारीचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

उच्च शिक्षणाच्या इतिहासात प्रवेश, अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदवी या चार बाबींची नोंद काळजीपूर्वक ठेवली जाते. विद्यार्थी वर्गाच्या दारापर्यंत पोहोचण्यापूर्वी त्याला काय काय शिकून घ्यावे लागले, याची नोंद मात्र क्वचितच आढळते. भाषा, वाचनाची सवय, घरातील जागा, प्रवासाची सोय, साधनांची हाताळणी या गोष्टी विद्यार्थ्याजवळ असणारच, असे गृहीत धरून शिक्षणाची रचना केली जाते. जेथे हे गृहीतक खरे ठरत नाही, तेथे प्रवेश मिळूनही शिक्षण मिळत नाही.

२०२० नंतर ऑनलाइन व संमिश्र पद्धतीचे शिक्षण महाविद्यालयांच्या नित्याच्या व्यवहाराचा भाग बनले. त्यामुळे पूर्वतयारीचा हा प्रश्न नव्याने चर्चेत आला. परंतु तो नवा नाही. धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्याच्या शैक्षणिक इतिहासात तो किमान चार वेळा निरनिराळ्या रूपांत उभा राहिला आहे. प्रत्येक वेळी पूर्वतयारीची जबाबदारी कोणी घेतली, यावर त्या त्या व्यवस्थेचे यश मोठ्या प्रमाणात अवलंबून राहिले, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

उद्दिष्टे :

१) धाराशिव जिल्ह्यातील उच्च शिक्षणाच्या निरनिराळ्या टप्प्यांवर विद्यार्थ्यांपुढे असलेल्या अडसरांचा शोध घेणे.
२) मुक्त विद्यापीठाच्या पूर्वतयारी शिक्षणक्रमाचे ऐतिहासिक महत्त्व स्पष्ट करणे.
३) या अनुभवाच्या आधारे ऑनलाइन व संमिश्र शिक्षणासाठी महाविद्यालयांनी कोणती तयारी करून घ्यावी, हे सुचविणे.

जिल्ह्याची पार्श्वभूमी :

बालाघाटाच्या डोंगररांगांत आणि मुख्यतः अवर्षणप्रवण पट्ट्यात वसलेल्या या जिल्ह्यात धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा व वाशी असे आठ तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६ लाख ५७ हजार असून तीत नागरी लोकसंख्येचे प्रमाण जेमतेम १७ टक्के होते. बहुसंख्य कुटुंबे कोरडवाहू शेतीवर अवलंबून आहेत आणि हंगामी स्थलांतर हा अनेक गावांच्या जीवनक्रमाचा भाग आहे. २०१८ मध्ये केंद्र शासनाने आकांक्षित जिल्ह्यांचा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा महाराष्ट्रातील नंदुरबार, वाशिम व गडचिरोली यांच्यासमवेत या जिल्ह्याचाही समावेश करण्यात आला. २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले. प्रस्तुत निबंधात त्यापूर्वीच्या काळाचा उल्लेख करताना उस्मानाबाद हेच नाव योजले आहे.

हैदराबाद संस्थानातील उच्च शिक्षण : भाषेचा अडसर

१९४८ पर्यंत उस्मानाबाद जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणासाठी उर्दू माध्यम स्वीकारले. भारतीय भाषेतून विद्यापीठीय शिक्षण देण्याचा तो एक मोठा प्रयोग होता. त्याची पूर्वतयारीही लक्षणीय होती. विद्यापीठाचे वर्ग सुरू होण्यापूर्वीच, १९१७ मध्ये, अनुवाद विभाग स्थापन करण्यात आला. मौलवी अब्दुल हक यांच्याकडे त्याची सूत्रे होती. इतिहास, विज्ञान, तत्त्वज्ञान अशा विषयांची पुस्तके आणि परिभाषा उर्दूत सिद्ध करण्याचे काम या विभागाने हाती घेतले. अध्यापन सुरू करण्यापूर्वी अध्ययनसाहित्य तयार असले पाहिजे, हे तत्त्व तेथे शासकीय पातळीवर मान्य झाले होते.

तथापि ही तयारी संस्थेची होती. मराठवाड्यातील मराठीभाषक विद्यार्थ्याची नव्हती. माध्यमिक स्तरापासूनच उर्दूचे प्राबल्य असल्याने उस्मानाबादच्या खेड्यातील मुलाला विषय शिकण्यापूर्वी भाषा शिकावी लागे. ज्या घरांत उर्दूची परंपरा नव्हती, तेथे हा भार विद्यार्थ्याने एकट्यानेच उचलावयाचा होता. या परिस्थितीतून राष्ट्रीय शाळांची चळवळ उभी राहिली. जिल्ह्यातील हिप्परगा येथे १९२१ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय शाळा हे तिचे ठळक उदाहरण होय. पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झालेले स्वामी रामानंद तीर्थ यांनी या शाळेचे मुख्याध्यापकपद सांभाळले होते. या शाळेचा उल्लेख प्रामुख्याने राष्ट्रीय चळवळीच्या संदर्भात केला जातो. शैक्षणिक दृष्टीने पाहता, विद्यार्थ्याच्या भाषेत त्याची तयारी करून घेणारी संस्था म्हणूनही तिचे महत्त्व आहे.

मराठवाडा विद्यापीठ : अंतराचा अडसर

२३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबाद येथे मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली आणि भाषेचा अडसर बराचसा दूर झाला. परंतु उस्मानाबादहून औरंगाबाद सुमारे अडीचशे किलोमीटर दूर होते. जिल्ह्यातील विद्यार्थ्याला विद्यापीठ भेटत असे ते मुख्यतः परीक्षेचा अर्ज आणि गुणपत्रिका यांच्या रूपाने.

१९६० नंतरच्या दशकांत जिल्ह्यात महाविद्यालये सुरू होऊ लागली. १९६१ मध्ये लातूर येथे दयानंद महाविद्यालय स्थापन झाले. लातूर त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्याचाच भाग होते. १९८२ मध्ये लातूर हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि शैक्षणिकदृष्ट्या प्रगत होत असलेले हे केंद्र उस्मानाबादच्या सीमेबाहेर गेले. १९९४ मध्ये नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाल्यावर लातूर त्या विद्यापीठाला जोडले गेले. उस्मानाबाद मात्र औरंगाबादच्याच कक्षेत राहिले. जिल्ह्यात विद्यापीठाचे उपकेंद्र सुरू होण्यास २००४ साल उजाडावे लागले. ज्या जिल्ह्याच्या मातीत राष्ट्रीय शिक्षणाचा प्रयोग झाला, त्याच जिल्ह्याला विद्यापीठाच्या सान्निध्यासाठी स्वातंत्र्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ वाट पाहावी लागली.

अंतराच्या या अडसरावर बहिःस्थ परीक्षार्थी आणि पत्राद्वारे शिक्षण हे दोन पर्याय देशात उपलब्ध झाले होते. दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये, तर मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये पत्राद्वारे शिक्षण सुरू केले. बहिःस्थ पद्धतीत विद्यापीठ केवळ परीक्षा घेत असे. शिकण्याची सर्व जबाबदारी विद्यार्थ्याची. पत्राद्वारे शिक्षणात टिपणे घरी येऊ लागली, परंतु ती वाचावी कशी, त्यांवर आधारित उत्तर लिहावे कसे, हे शिकविण्याची व्यवस्था तोकडीच होती. महाविद्यालयीन वर्गाची सवय असलेल्या शहरी नोकरदाराला ही टिपणे पुरेशी ठरत. शाळा सोडून दहा-पंधरा वर्षे शेतात राबलेल्या व्यक्तीला ती तशी पुरेशी ठरणे शक्य नव्हते.

मुक्त विद्यापीठ आणि पूर्वतयारी शिक्षणक्रम :

१ जुलै १९८९ रोजी नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली. पुणे विद्यापीठाचे माजी कुलगुरू डॉ. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद घेऊन सुरू झालेल्या या विद्यापीठाने महाराष्ट्रभर अभ्यासकेंद्रांचे जाळे विणले. ही अभ्यासकेंद्रे बहुधा अस्तित्वात असलेल्या महाविद्यालयांतच असत. आठवडाभर नियमित विद्यार्थ्यांनी भरलेल्या त्याच खोल्यांत सुटीच्या दिवशी शेतकरी, गृहिणी, अंगणवाडी सेविका, पोलीस शिपाई, दुकानातील कामगार अशा प्रौढ विद्यार्थ्यांची संपर्कसत्रे भरू लागली.

या विद्यापीठाच्या कार्यात प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे ‘पूर्वतयारी शिक्षणक्रम’. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९८५ च्या विनियमांनुसार, बारा वर्षांचे शालेय शिक्षण नसलेल्या व्यक्तीला दूरशिक्षणाच्या पदवी अभ्यासक्रमास प्रवेश देता येत असे. मात्र त्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असणे आणि विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण होणे आवश्यक होते. प्रवेशपरीक्षेचे कार्य निवड करण्याचे असते. जो तयार आहे त्याला ती आत घेते. जो तयार नाही त्याला तयार करीत नाही. मुक्त विद्यापीठाने या परीक्षेच्या आधी एक शिक्षणक्रमच ठेवला. वाचता-लिहिता येणाऱ्या, वयाची अठरा वर्षे पूर्ण केलेल्या व्यक्तीने पूर्वीच्या प्रमाणपत्राशिवाय या शिक्षणक्रमाला प्रवेश घ्यावा, पुस्तके अभ्यासावीत, वस्तुनिष्ठ स्वरूपाची परीक्षा द्यावी आणि मग पदवीच्या पहिल्या वर्षाला यावे, अशी ती योजना होती. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठानेही पदवीपूर्व तयारीचा असा कार्यक्रम राबविला. चाळणीच्या जागी पायरी ठेवण्याचा हा निर्णय भारतीय उच्च शिक्षणाच्या इतिहासात विशेष महत्त्वाचा आहे.

या योजनेमागे तीन व्यवस्था होत्या. पहिली, स्वयं-अध्ययनासाठी लिहिलेले पुस्तक. मुक्त विद्यापीठाच्या पुस्तकांत विषयाची मांडणी लहान घटकांत केलेली असे. प्रत्येक घटकाच्या आरंभी उद्दिष्टे, मध्ये स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न, शेवटी सारांश, शब्दार्थ आणि क्षेत्रीय कार्य असा क्रम असे. आपल्याला किती कळले, हे शिक्षक समोर नसतानाही विद्यार्थ्याला पडताळून पाहता यावे, हा त्यामागील हेतू होता. दुसरी व्यवस्था म्हणजे समंत्रक. व्याख्यान देण्यापेक्षा विद्यार्थ्याची अडचण सोडविणे हे त्याचे काम मानले गेले. तिसरी व्यवस्था म्हणजे गावापासून पोहोचता येईल अशा अंतरावरील ठरावीक जागा, म्हणजे अभ्यासकेंद्र. पुस्तक, माणूस आणि जागा या तिन्हींचा मेळ बसला तेथे औपचारिक शिक्षणापासून तुटलेला विद्यार्थी पदवीपर्यंत पोहोचला. त्यांपैकी एक जरी दुवा निखळला, संपर्कसत्रे केवळ कागदोपत्री राहिली किंवा पुस्तकाची जागा बाजारातील गाइडने घेतली, तेथे पूर्वतयारी ही केवळ प्रवेशाची एक औपचारिकता बनून राहिली.

या प्रयोगाला मर्यादाही होत्या. औपचारिक शालेय पात्रतेविना मिळविलेल्या पदवीच्या मान्यतेविषयी देशात नोकरीच्या व पुढील शिक्षणाच्या टप्प्यावर वाद निर्माण झाले आणि काही प्रकरणे न्यायालयांपर्यंत गेली. तरीही पूर्वतयारी हा संस्थेने द्यावयाचा शिक्षणक्रम आहे, हे तत्त्व या प्रयोगाने प्रस्थापित केले. त्याचे मोल पदवीच्या वादाने कमी होत नाही.

संगणक साक्षरतेचा टप्पा :

एकविसाव्या शतकाच्या आरंभी पूर्वतयारीचा आणखी एक प्रकार ग्रामीण महाराष्ट्रात रुजला. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि लवकरच एमएस-सीआयटी हा संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम तालुक्यांच्या गावांतील केंद्रांतून सुरू झाला. शासकीय सेवेसाठी संगणक प्रमाणपत्र आवश्यक ठरल्याने त्याचा प्रसार झपाट्याने झाला. उस्मानाबादसारख्या जिल्ह्यातील असंख्य तरुणांचा संगणकाशी पहिला परिचय अशा केंद्रांतच झाला.

या अभ्यासक्रमाने यंत्राची भीती घालविली, हे निश्चित. परंतु त्याचे उद्दिष्ट प्रामुख्याने नोकरीसाठी आवश्यक कौशल्य हे होते. संगणकाच्या साहाय्याने एखादा विषय दीर्घकाळ शिकत राहणे, टिपणे काढणे, मिळालेली माहिती पारखून घेणे, ही अध्ययनकौशल्ये त्याच्या कक्षेबाहेर होती. साधन हाताळता येणे म्हणजे त्या साधनाने शिकता येणे, असा समज या काळात दृढ झाला. त्याचे परिणाम २०२० मध्ये दिसून आले.

टाळेबंदीचा काळ : तयारीविना ऑनलाइन

मार्च २०२० मध्ये महाविद्यालये बंद झाली आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. अध्यापन काही आठवड्यांतच व्हॉट्सअ‍ॅप, झूम, गुगल मीट यांसारख्या माध्यमांकडे वळले. प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी दाखविलेली तत्परता नाकारता येणार नाही. पण हा बदल कोणत्याही तयारीविना झाला. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीनुसार (२०१७-१८) देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी केवळ ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता आणि १४.९ टक्के कुटुंबांना इंटरनेटची सोय उपलब्ध होती. शहरी भागात हेच प्रमाण अनुक्रमे २३.४ व ४२ टक्के होते. त्यानंतरच्या काळात स्मार्टफोनचा प्रसार वाढला असला, तरी एका घरात एकच फोन, तोही वडिलांबरोबर दिवसभर शेतावर, ही ग्रामीण घरांतील परिचित स्थिती होती. घरातील एकमेव फोनवर मुलगा आणि मुलगी यांपैकी कोणाचा तास आधी, हा निर्णय अनेकदा मुलीच्या विरोधात जाणे स्वाभाविक मानले गेले.

परीक्षांच्या बाबतीतही हाच प्रश्न तीव्र झाला. अंतिम वर्षाच्या परीक्षा घेण्याविषयी विद्यापीठ अनुदान आयोगाने ६ जुलै २०२० रोजी मार्गदर्शक सूचना दिल्या आणि २८ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने, अंतिम वर्षाची परीक्षा न घेता विद्यार्थ्यांना उत्तीर्ण करता येणार नाही, असा निर्णय दिला. त्यानंतर राज्यातील विद्यापीठांनी मुख्यतः बहुपर्यायी प्रश्नांच्या ऑनलाइन परीक्षा घेतल्या. तीन वर्षे दीर्घोत्तरी लेखनाचा सराव केलेल्या विद्यार्थ्याला अखेरच्या टप्प्यावर सर्वस्वी निराळ्या पद्धतीला सामोरे जावे लागले.

पुढील घटनाक्रम या जिल्ह्याच्या दृष्टीने अधिक बोलका आहे. २० ऑक्टोबर २०२१ पासून राज्यातील महाविद्यालये पुन्हा सुरू झाली. त्याच महिन्याच्या अखेरीस एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. महाविद्यालयाचे दार उघडले आणि तेथवर नेणारी बस थांबली. एस.टी.च्या पासवर शिकणाऱ्या परंडा, भूम वा लोहारा तालुक्यांतील खेड्यांतल्या विद्यार्थ्यांना संमिश्र शिक्षणाची गरज खऱ्या अर्थाने या महिन्यांत भासली. साथीने निर्माण केलेली गरज वाहतुकीच्या प्रश्नाने पुढे चालू राहिली. १९५८ मधील अंतराचा अडसर आणि २०२० मधील साधनांचा अडसर येथे एकत्र आले. अंतर, साधन, भाषा आणि पात्रता यांचे प्रश्न एकामागून एक सुटत जातात, ही समजूत या अनुभवाने खोटी ठरविली.

संमिश्र शिक्षणाची औपचारिक चौकट :

केंद्र शासनाचे ‘स्वयम्’ हे व्यासपीठ ९ जुलै २०१७ रोजी सुरू झाले होते. दृक्-श्राव्य पाठ, वाचनसाहित्य, स्वयंमूल्यमापन आणि चर्चामंच असे त्याच्या रचनेचे चार भाग आहेत. आयोगाच्या २०१६ च्या विनियमांनी एखाद्या सत्रातील २० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम या मार्गाने पूर्ण करण्याची मुभा दिली होती. २०२१ मध्ये ही मर्यादा ४० टक्क्यांपर्यंत वाढविण्यात आली. मे २०२१ मधील संमिश्र अध्यापनविषयक संकल्पना टिपणातही प्रत्येक अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन शिकविण्याचे सुचविले गेले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आणि श्रेयांक पेढीची व्यवस्था यांमुळे ही चौकट पक्की झाली.

‘स्वयम्’चे चार भाग आणि मुक्त विद्यापीठाच्या पुस्तकाचा घटक यांची तुलना उद्बोधक ठरते. उद्दिष्टे, लहान घटक, स्वतःची चाचणी स्वतः घेण्याची सोय या गोष्टी दोहोंत समान आहेत. फरक दोन ठिकाणी आहे. ‘स्वयम्’वरील बहुतांश अभ्यासक्रम इंग्रजीत असल्याने मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यापुढे उस्मानियाच्या काळातील भाषेचा अडसर नव्या रूपात उभा राहतो. दुसरे असे की, समंत्रकाची जागा चर्चामंचाला दिली गेली आहे. आपल्याला काय समजले नाही, हे लेखी आणि तेही परक्या भाषेत मांडण्याचे कौशल्य असेल, तरच त्या मंचाचा उपयोग होतो. जो विद्यार्थी प्रश्न विचारू शकत नाही, तो चर्चामंचावर दिसतच नाही. वर्गात निदान त्याचा चेहरा तरी शिक्षकाला दिसत असे.

निष्कर्ष :

१) प्रत्येक टप्प्यावर जिल्ह्यातील विद्यार्थ्याला शिक्षणापूर्वी आणखी काहीतरी शिकावे लागले : प्रथम उर्दू, नंतर घरापासून दूर राहणे, त्यानंतर एकट्याने वाचणे आणि आता पडद्यावरून शिकणे. जेथे ही तयारी विद्यार्थ्यावर सोपविली गेली, तेथे मुख्यतः अनुकूल घरांतील मुलेच पुढे गेली.

२) हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा आणि मुक्त विद्यापीठाचा पूर्वतयारी शिक्षणक्रम यांनी ही जबाबदारी संस्थेकडे घेतली. दोन्ही प्रयोगांत विद्यार्थ्याची भाषा, जवळची जागा आणि परिचित शिक्षक यांना महत्त्व होते.

३) साधनाची उपलब्धता ही पूर्वतयारीची केवळ सुरुवात आहे. फोन किंवा टॅबलेट दिला म्हणजे तयारी झाली, हे गृहीतक संगणक साक्षरतेच्या आणि टाळेबंदीच्या अनुभवाने फोल ठरविले आहे.

या निष्कर्षांच्या आधारे महाविद्यालयांना काही उपाय योजता येतील. कोणताही ऑनलाइन वा संमिश्र अभ्यासक्रम सुरू करण्यापूर्वी पहिला पंधरवडा पूर्वतयारीसाठी राखून ठेवावा. त्यात नावनोंदणी, ई-मेल, सांकेतिक शब्द आणि श्रेयांक पेढीचे खाते इतक्यावर न थांबता, एक पाठ प्रत्यक्ष ऐकून त्याची टिपणे काढणे, एक घटक वाचून स्वतःची चाचणी घेणे आणि एक शंका लेखी मांडणे यांचा सराव करून घ्यावा. इंग्रजी पाठांसाठी पारिभाषिक शब्दांची मराठी सूची आणि प्रत्येक घटकाचा मराठी सारांश संबंधित विभागाने तयार करावा. १९१७ मधील अनुवाद विभागाचे तत्त्व आजही तितकेच उपयुक्त आहे. ठरावीक विद्यार्थीगटासाठी एक समंत्रक प्राध्यापक नेमावा आणि त्या कामाचे तास त्याच्या कार्यभारात मोजले जावेत. ज्यांच्या घरी जागा, फोन किंवा नेटवर्क नाही, त्यांच्यासाठी महाविद्यालयाचे ग्रंथालय व संगणककक्ष एस.टी.च्या वेळा पाहून खुले ठेवावेत. दूरच्या गावांतील विद्यार्थ्यांसाठी, विशेषतः विद्यार्थिनींसाठी, परिसरातील माध्यमिक शाळा वा सार्वजनिक वाचनालय यांच्या सहकार्याने अभ्यासाची जागा उपलब्ध करून द्यावी.

यांपैकी कोणत्याही उपायास नव्या तंत्रज्ञानाची आवश्यकता नाही. पुस्तक, माणूस आणि जागा या तीन गोष्टी मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रांनी याच महाविद्यालयांच्या खोल्यांत एकत्र आणल्या होत्या. संमिश्र शिक्षणात पडदा ही चौथी गोष्ट आली आहे. पहिल्या तिन्हींची जागा तिने घ्यावी अशी अपेक्षा धरल्यास धाराशिव जिल्ह्यातील विद्यार्थी पटावर असेल, उपस्थितीच्या नोंदीतही असेल. परंतु शिक्षणापासून तो पूर्वीइतकाच दूर राहील.